क्षारांचा हिशोब



उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी विचारतं, “सर, रात्री पिंडऱ्यांत गोळे येतात, मॅग्नेशियमची गोळी सुरू करू का?” कुणी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून म्हणतं, “यात सांगितलंय, काळजासाठी मॅग्नेशियम फार चांगलं. अब्बांना देऊ का?” आम्ही डॉक्टर नाही. आमचे विषय उर्दू आणि मराठी. पण या प्रश्नाची किंमत आमच्या घरानं एकदा मोजली आहे, म्हणून त्यावर लिहिण्याचा थोडा हक्क आम्हाला आहे असं वाटतं.

गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. दुष्काळाचं वर्ष. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात गावोगावी टँकर फिरत होते आणि शहरात नळाला कधी पाणी येईल याची खात्री नव्हती. आमच्या अम्मींचं वय तेव्हा ६८. ब्लडप्रेशरची गोळी बारा वर्षांपासून चालू. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. रमजानच्या आधी एकदा दाखवून जा, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं. शाळेच्या निकालाची घाई होती. आम्ही गेलो नाही.

अम्मी सकाळची गोळी सेहरीला घ्यायच्या. मग दुपारपर्यंत चार-पाच वेळा लघवीला जाणं आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. वर उन्हाचा कहर. दहाव्या रोज्याला त्यांना जुलाब सुरू झाले. आम्ही म्हटलं, रोजा सोडा. त्या म्हणाल्या, “अब तो दो घंटे रह गए.” इफ्तारला आम्ही दुकानातून केशरी रंगाच्या दोन बाटल्या आणल्या. वर मोठ्या अक्षरांत ‘ओआरएस’ लिहिलं होतं. अम्मींनी दोन्ही संपवल्या. जुलाब वाढले. रात्री त्या म्हणाल्या, “बेटा, पिंडलियों में गोले आरैं.” आम्ही तेल चोळलं. थोड्या वेळानं छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “दिल फड़फड़ारा.” तेव्हा मात्र आम्ही रिक्षा बोलावली.

दवाखान्यात ईसीजी काढला. ठोके मध्येच चुकत होते. रक्तात पोटॅशियम २.८ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, “यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आम्हाला सांगता आलं नाही. घरून पिशवी मागवली. तिच्यात ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ॲसिडिटीची गोळीही निघाली. ती अम्मी पाच वर्षांपासून रोज उपाशीपोटी घेत होत्या, मेडिकलमधून मागवून, कुणालाही न विचारता. डॉक्टरांनी मॅग्नेशियमची वेगळी तपासणी सांगितली. तेही कमी निघालं. ते म्हणाले, “नुसतं पोटॅशियम देऊन भागणार नाही. मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही.”

दोन रात्री सलाईन चाललं आणि अल्लाहच्या मेहेरबानीनं अम्मी घरी आल्या. पण एक गोष्ट आमच्या मनातून अजून जात नाही. आम्ही मुलांच्या वह्या ओळ न ओळ तपासतो. आईच्या गोळ्यांचं पाकीट बारा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

नंतर आम्ही हा विषय समजून घेतला. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. प्रत्येक ठोका म्हणजे विजेचा एक बारीकसा झटका असतो. ही वीज तयार होते क्षारांपासून. सोडियम, म्हणजे आपल्या मिठातला मुख्य क्षार, पेशीच्या बाहेर जास्त असतो. पोटॅशियम पेशीच्या आत जास्त असतं. दोघांनी आपापल्या जागी राहावं म्हणून पेशीच्या भिंतीत लहान लहान पंप असतात. ते सोडियम बाहेर काढतात आणि पोटॅशियम आत घेतात. मॅग्नेशियमशिवाय हे पंप नीट चालत नाहीत. बोअरमध्ये पाणी आहे पण मोटार चालत नाही, तशी गत होते. शिवाय मॅग्नेशियम कमी झालं की मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवत नाहीत, लघवीतून सोडून देतात. वरून कितीही पोटॅशियम दिलं तरी गळक्या माठात पाणी ओतल्यासारखं होतं. अम्मींचं नेमकं हेच झालं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत असतं आणि उरलेलं बहुतेक स्नायूंत व पेशींत. रक्तात जेमतेम एक टक्का. ‘इलेक्ट्रोलाइट’ म्हणून जी नेहमीची तपासणी होते, तिच्यात सहसा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईड असतं. मॅग्नेशियम वेगळं सांगावं लागतं. ज्यांना लघवीची गोळी चालू आहे, जे वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेतात, ज्यांची साखर ताब्यात नाही, ज्यांना वरचेवर जुलाब होतात, त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं: “साहेब, माझं मॅग्नेशियम बघायची गरज आहे का?” विचारल्यानं कुणी रागावत नाही.

आता त्या केशरी बाटलीविषयी. खरं ओआरएस काय आहे, हे त्याचा इतिहास कळला की नीट समजतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठराविक मापानं पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांना तोंडावाटे पाजायला लावलं. पाजणारे कोण, तर रुग्णांचे आईबाप आणि भाऊबहीण. आधी शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आलं. डॉक्टर महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुढं १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका खेड्याखेड्यांत घरोघरी फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे त्यांनी एक कोटीहून जास्त घरांतल्या आयांना हातानं करून दाखवलं. शिकणाऱ्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही त्यांनी ते माप शिकून घेतलं आणि त्यावर लेकरं वाचवली.

सगळी किमया मापात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. एकूण २०.५ ग्रॅम. थोडी साखर असली की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. साखर जास्त झाली की उलटं होतं. पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. बाजारातल्या गोड रंगीत पेयांत साखर या मापाच्या कितीतरी पट असते आणि क्षार कमी असतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाच्या गोंधळाविरुद्ध बरीच वर्षं झगडा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापता येणार नाही. आमच्या अम्मींना त्याआधी सहा वर्षं ते पेय पाजलं गेलं होतं. तुम्ही मात्र पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलं आहे का, ते वाचूनच घ्या.

दुसरी चूक आमच्या गल्लीत फार होते. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ओतून लेकराला पाजतात. ते धोक्याचं आहे, रक्तात मीठ फार वाढतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच आणि सगळं एकदम कालवायचं. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळं पाकीट मिळेपर्यंतच हे चालवायचं.

जुलाब नसतानाही उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जातच असतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. लाखो माणसं तासन् तास उघड्यावर उन्हात बसली होती. उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात, उरूस असतात, बाजार असतात. मंडपात दुपारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर “कमजोरी आहे” म्हणून शरबत पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

मग रोजचं काय? रोजच्यासाठी गोळीच्या आधी आपलं ताट बघावं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १३० ते १६० मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात किंवा मैद्यात २०-३० च्या आसपास. आमचा हा मुलूख ज्वारीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत आमच्या शेतांत उभी असते. पण घराघरांत आता सकाळी पाव-बटर, दुपारी भात आणि रात्री मैद्याची रोटी असं चाललं आहे. लेकरं म्हणतात, भाकरी म्हणजे गरिबाचं जेवण. आम्ही त्यांना सांगतो, बाळांनो, पिठाचा पांढरा रंग म्हणजे कोंड्याबरोबर क्षारही काढून टाकल्याची खूण.

ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, तीळ, हरभरा, हुलगे, अंबाडी, चुका, तांदुळजा, पालक. यातलं काहीच महाग नाही. पाल्याचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळं येतो, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचाच अणू असतो. त्यामुळं हिरवी भाजी म्हणजे मॅग्नेशियम, हे मुलांनाही लक्षात राहतं. दालच्यात डाळ आणि दुधी दोन्ही वाढवा, मटण थोडं कमी चालेल. खजूर, केळं, शहाळ्याचं पाणी यांत पोटॅशियम भरपूर असतं. साखरेच्या रुग्णानं खजूर मोजून खावा.

पाण्याचाही एक विचार आहे. आमच्या जिल्ह्याखाली काळा कातळ आहे. त्यातून झिरपलेलं बोअरचं पाणी जड असतं, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेलं असतं. आता घरोघर आरओच्या पाण्याचे जार येतात. आरओ मशीन नायट्रेट आणि फ्लोराईडसारखे नको ते पदार्थ काढतं, त्याबरोबर हे क्षारही काढतं. म्हणून जार बंद करा असं आम्ही म्हणत नाही. बोअरचं पाणी खराब असेल तर आरओ लागतंच. पण प्रश्नाचं उत्तर अंदाजानं देऊ नका. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत तपासता येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम योग्य आणि दुसरी सोय नसेल तर १०० पर्यंत चालतं. पाणी या मर्यादेत असेल आणि बाकीही अहवाल चांगला असेल, तर उगाच मशीन कशाला? आणि जारचंच पाणी पिणाऱ्यानं ताटातली भाजी-भाकरी कमी होऊ देऊ नये.

आता त्या व्हिडिओंकडे येऊ. मॅग्नेशियम कमी असलेल्याला ते दिल्यानं फायदा होतो. गरोदर बाईला झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनानं आई वाचते, हे तर पक्कं सिद्ध झालं आहे. पण “जितकं जास्त तितकं चांगलं” हे खरं नाही. हार्ट अटॅक आलेल्या सगळ्यांनाच शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर जास्त माणसं वाचतील का, हे एका मोठ्या अभ्यासात पाहिलं गेलं. त्यात ५८ हजारांहून जास्त रुग्ण होते. १९९५ मध्ये निकाल आला. फायदा दिसला नाही. कमतरता भरून काढणं वेगळं आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं वेगळं. ज्याचं मूत्रपिंड अधू आहे त्याच्या रक्तात हे जादा मॅग्नेशियम साचतं. रक्तदाब पडतो, ठोके मंदावतात. पिंडऱ्यांत येणारा प्रत्येक गोळाही मॅग्नेशियमच्या कमतरतेचा नसतो.

असाच घोटाळा ‘कमी सोडियमचं मीठ’ घेताना होतो. या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये निकाल आला, लकव्याचं प्रमाण १४ टक्के कमी झालं. म्हणजे मीठ चांगलंच आहे. पण आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांचं मूत्रपिंड कमजोर होतं आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्याही अशा होत्या की त्यांनी पोटॅशियम आणखी वाढावं. मुलानं मायेनं हे मीठ आणून दिलं. महिनाभरात पोटॅशियम इतकं वाढलं की हृदयाचे ठोके थांबायची वेळ आली. आमच्या अम्मींना पोटॅशियम कमी पडलं म्हणून धोका झाला, त्या आजोबांना जास्त झालं म्हणून. मूत्रपिंडाच्या रुग्णानं हे मीठ, शहाळं, केळी, सगळंच डॉक्टरांना विचारून घ्यावं. बाकीच्यांनी आधी साधं मीठच कमी करावं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरे. लोणचं, पापड, फरसाण, ताटात वरून घेतलेलं मीठ, यांतच आपला कोटा संपतो.

हे सगळं वाचून कुणी लघवीची गोळी बंद केली तर आमच्या लिहिण्यानं नुकसानच होईल. त्या गोळीनं अम्मींना बारा वर्षं लकव्यापासून सांभाळलं. चूक गोळीची नव्हती, न विचारण्याची होती. म्हणून एवढं करा.

आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी दस्तरखानावर ओता. प्रत्येक गोळीचं नाव, कशासाठी, किती वाजता, हे एका कागदावर लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जे घरात सगळ्यांना वाचता येईल त्यात लिहा. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली गोळी वेगळी खूण करून लिहा. कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो दाखवा आणि विचारा, यातली कोणती गोळी क्षार कमी करते, कोणती वाढवते, आणि जुलाब-उलटी झाली तर त्या दिवशी कोणती घ्यायची व कोणती नाही.

रमजानच्या महिनाभर आधी हाच कागद घेऊन पुन्हा जा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या रोजे थंडीच्या बाजूला सरकत आहेत, पण पाणी न पिता लघवीची गोळी घेणं कोणत्याही ऋतूत जोखमीचंच. गोळीची वेळ बदलता येते का, ते डॉक्टर सांगतील. आणि त्यांनी रोजा नको म्हटलं, तर आजारी माणसाला दिलेली सूट घ्यायला लाजू नका. ती सूट आपल्या वडीलधाऱ्यांसाठीच आहे. दीन आणि जान दोन्ही अमानत आहेत.

अम्मी आज ७५ च्या पुढे आहेत. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, प्रकार बदलला आहे. ॲसिडिटीची गोळी सुटली. सहा महिन्यांनी तपासणी होते. त्यांच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. अक्षर आमच्या धाकट्या मुलीचं, भाषा उर्दू. पाहुणे आले की अम्मी तो दाखवतात आणि म्हणतात, “ये हमारा रिझल्ट है.” अशा एका कागदासाठी आम्हाला दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढाव्या लागल्या. तुम्हाला एक संध्याकाळ पुरेल, इन्शाअल्लाह.

खुदा हाफिज.